टीगनचा जिंकलेला आठवडा

दर जुलैत इंग्लंडातल्या आमच्या सँडरबी गावच्या क्लबात गवताच्या कोर्टांवर बायकांची टेनिस स्पर्धा भरते. फार मोठी नाही. टीव्हीवर दिसत नाही, तिकीट लागत नाही, कुत्रा घेऊन आलात तरी कुणी अडवत नाही. पण खेळायला येणाऱ्या मुलींचा तो पोटापाण्याचा धंदा असतो. त्यांना हॉटेलं परवडत नाहीत, म्हणून गावातली काही घरं एकेका मुलीला आठवडाभर ठेवून घेतात. आम्हीही एकोणीस वर्षं ठेवून घेत होतो. माझा नवरा क्लाइव्ह त्याच क्लबात गवत राखायचं काम करायचा आणि मी दातांच्या दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसायचे. मूलबाळ नाही. त्यामुळे माडीवरची मागची खोली रिकामीच असायची.

टीगन ओल्डरॉइड आली ती शुक्रवारी दुपारी. बार्नस्लीची पोर, तेवीस वर्षांची, उंची जेमतेम पाच फूट तीन इंच. पाठीवरची रॅकेटची पिशवी तिच्यापेक्षा मोठी वाटत होती. दारातच म्हणाली, "तुम्हीच ग्लेंडा ना? मी टीगन. माझ्यासाठी फार काही करू नका हं. रविवारी संध्याकाळी मी घरी परत."

मी म्हटलं, "अगं बाई, अजून एक चेंडू मारला नाहीस!"

"म्हणूनच आत्ता सांगते. हरल्यावर सांगायला लाज वाटते."

चहा पिता पिता सगळं कळलं. ती टेनिस सोडणार होती. सोडणार म्हणजे, सोडलंच होतं. अँब्युलन्सवर काम करण्यासाठी तिने अर्ज केला होता, मुलाखत झाली होती, निवडही झाली होती. पुढच्याच्या पुढच्या सोमवारपासून प्रशिक्षण सुरू. बुधवारी गणवेशाची मापं द्यायला जायचं होतं. या स्पर्धेत नाव आधीच घातलेलं, ते काढायचं राहून गेलं. "म्हटलं, गवतावर एकदा शेवटचं खेळून घ्यावं," ती म्हणाली. "मला गवत सगळ्यांत आवडतं. पडलं तरी लागत नाही."

सांगताना ती दुःखी वगैरे दिसत नव्हती. दात काढून टाकल्यावर माणसं बाहेर येऊन जशी खुर्चीत बसतात, गालावर हात ठेवून, झालं एकदाचं अशा चेहऱ्याने, तशी बसली होती. असे चेहरे मी तीस वर्षं पाहिले होते.

तिची कहाणी फार वेगळी नव्हती. बार्नस्लीच्या एका बागेत दोन डांबरी कोर्टं होती, भेगांतून गवत उगवलेली. बाप कार्ल, गालिचे बसवायचा. तो तिला सहाव्या वर्षी तिथे घेऊन गेला. नवव्या वर्षी ती बापाला हरवायला लागली. चौदाव्या वर्षी तिच्या वयाच्या मुलींत देशात तिसरी. तेव्हा पत्रं आली, मोठ्या केंद्रात सरावाला बोलावणं आलं, फुकटचे बूट आले. बाप गालिच्यांच्या व्हॅनमधून तिला देशभर फिरवायचा. पंधराव्या वर्षी तोच बाप दुसऱ्या बाईबरोबर डॉनकास्टरला राहायला गेला. सतराव्या वर्षी केंद्रातल्या लोकांनी तिची उंची मोजली, पुन्हा मोजली आणि पुढच्या वर्षी बोलावलं नाही. आई लोरेन म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना आंघोळ घालायची, जेवू घालायची. तिने कधी अडवलं नाही, पण कधी सामना बघायलाही आली नाही. तिला बघवत नसे.

त्यानंतर सहा वर्षं टीगन एकटीच फिरत होती. तुर्कस्तान, ट्युनिशिया, पोर्तुगाल. पहिल्या नाहीतर दुसऱ्या फेरीत हरायचं, विमानतळाच्या बाकावर झोपायचं, पुढच्या गावी जायचं. जगात सातशे बाविसावी. "सातशे बाविसावी म्हणजे चांगलंच की," मी म्हटलं. "जगात माणसं किती!"

ती हसली. "जगातल्या सातशे बाविसाव्या दंतवैद्याला पोटभर मिळतं. आमच्यात दोनशेच्या खाली कुणाला काही मिळत नाही."

शनिवारी पात्रता फेरीचा पहिला सामना. क्लाइव्ह कोर्टाच्या कडेला उभा होता, मी बाकावर विणकाम घेऊन बसले होते. समोर एक उंच अमेरिकन मुलगी, कॉलेजात खेळणारी, दर गुणाला किंचाळणारी. टीगन काही बोलत नव्हती. चेंडू यायचा, ती तिथे आधीच असायची. यायचा, असायची. पंचावन्न मिनिटांत सामना संपला.

"ही पोर भांडी घासल्यासारखी खेळते," क्लाइव्ह म्हणाला. "एक झालं की दुसरं. आवाज नाही, आदळआपट नाही."

रविवारी दुसरा सामना तीन सेट चालला, तोही जिंकली. संध्याकाळी पिशवी न भरता जेवायला खाली आली आणि जरा ओशाळून म्हणाली, "अजून एक रात्र चालेल का?"

"खोली तुझीच आहे. पण बुधवारचं काय, गणवेशाचं?"

"उद्या हरेन ना मी. काळजी करू नका."

सोमवारीही हरली नाही. मुख्य फेरीत आली. जेवणाच्या टेबलावरूनच तिने फोन लावला आणि गणवेशाची मापं शुक्रवारवर ढकलली. पलीकडची बाई चांगली असावी, टीगनच्या बोलण्यावरून वाटलं की तिने खोडकरपणे काहीतरी विचारलं, कारण टीगन म्हणाली, "नाही हो, प्रसिद्ध होणार नाही मी. मंगळवारी माझी गाठ दुसऱ्या मानांकित मुलीशी आहे. बुधवारी मी घरी."

बुधवारी ती घरी गेली नाही. ती दुसरी मानांकित मुलगी स्वित्झर्लंडची होती, उंच, सोनेरी वेणीची, आणि मंगळवारी तिचा फज्जा टीगनने असा उडवला की क्लबातली म्हातारी मंडळी सँडविचं हातात धरून उभी राहिली. मी एकोणीस वर्षांत तिथे खूप सामने पाहिले, पण त्या दिवशी टीगनच्या हातात काय होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. ती जोरात मारत नव्हती. समोरचीला चेंडू जिथे नको असेल तिथे ती ठेवत होती. एकदा तिने नेटवरून इतका हळू चेंडू सोडला की ती स्विस मुलगी तिथवर येऊन नुसती थांबली आणि हसली. हरणारी मुलगी हसली, म्हणजे बघा.

आता मागे वळून पाहिलं की कळतं, ती तशी का खेळत होती. तिला काहीच नको होतं. टेनिसवर तिने पाणी सोडलं होतं. जिंकलं तरी सोमवारी अँब्युलन्स, हरलं तरी सोमवारी अँब्युलन्स. मग हात कशाला आखडेल? पण त्या वेळी आम्हाला एवढंच दिसत होतं की एका छोट्याशा पोरीत केवढं सोनं दडलं आहे आणि ते मातीत चाललं आहे.

गुरुवारी तिने आणखी एक सामना जिंकला. तिच्या बापाचा फोन आला, आठ महिन्यांनी. "जिंकले की येतो त्याचा फोन," ती मला म्हणाली. फोन टेबलावर वाजत होता. तिने तो दोनदा वाजू दिला, तिसऱ्यांदा उचलला. बोलून झाल्यावर गाल लाल झाले होते. "शनिवारपर्यंत टिकलीस तर येतो म्हणाला."

शुक्रवारी उपांत्यपूर्व सामना. गणवेशाची मापं पुन्हा राहिली. तिने सकाळी फोन केला तेव्हा ती चांगली बाई सुट्टीवर होती आणि दुसऱ्या कुणीतरी जरा तुटकपणे सांगितलं की सोमवारी आलात की बघू. सामना दोन तास चाळीस मिनिटं चालला. टायब्रेकरवर जिंकली तेव्हा ती गवतावर उताणी पडली आणि क्लाइव्ह, जो माझ्या बहिणीच्या लग्नातही रडला नव्हता, नाक पुसत रोलरच्या शेडमागे गेला. स्थानिक वर्तमानपत्राचा माणूस आला. क्लबाच्या सेक्रेटरीने तिच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतला. सगळे एकच म्हणत होते: आता सोडतेस काय, वेडी की काय!

घरी आल्यावर तिने बर्फाच्या थैलीने खांदा शेकला. क्लाइव्ह बाग शिंपायला गेला. मी मासे आणि बटाटे भाजायला ओव्हनमध्ये ठेवत होते. तेव्हा तिने विचारलं, "ग्लेंडा, तुम्हाला काय वाटतं?"

आठवडाभरात तिने मला पहिल्यांदाच काही विचारलं होतं. क्लाइव्ह मला सकाळीच म्हणाला होता, "तू तिला काही सांगायला जाऊ नकोस. निदान शनिवार जाऊ दे." मला आठवत होतं ते. तरीही मी ओव्हनचं दार लावलं, हात पुसले, तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "टीगन, मी तुझी कोणी लागत नाही. पण एवढं हातात असताना सोडून देणं म्हणजे पाप आहे. अँब्युलन्स कुठे पळून जात नाही. हे जाईल."

बर्फाची थैली खांद्यावरून काढत ती म्हणाली, "मला आतून तसंच वाटत होतं. पण बोलायची भीती वाटत होती."

"कशाची भीती?"

"की मला अजून हवं आहे ते."

मला त्या क्षणी आनंद झाला. हे मी लपवत नाही. आपण एका माणसाच्या आयुष्यात काहीतरी केलं असं वाटलं.

शनिवारी सकाळी तिने काही खाल्लं नाही. टोस्ट तसाच पडून राहिला. बुटांच्या नाड्या बांधल्या, सोडल्या, पुन्हा बांधल्या. दहाला कार्ल आला. देखणा माणूस, पोट सुटलेला, मोठ्याने बोलणारा. माझ्याशी असा हात मिळवला जणू घर त्याचं आणि पाहुणी मी. "काय, चॅम्पियन!" तो टीगनला म्हणाला. तिने त्याच्या छातीवर डोकं टेकलं आणि तिथेच ठेवलं. मी सिंककडे तोंड फिरवलं.

उपांत्य सामन्यात समोर बेल्जियमची सतरा वर्षांची मुलगी होती. तिच्याबरोबर शिकवणारे दोन, अंग रगडणारी एक, आणि आई. चौघांच्या टोप्या सारख्या. टीगनच्या बाजूला कार्ल, मी आणि क्लाइव्ह.

पहिला सेट टीगनने सहा-तीन घेतला. दुसऱ्यात चार-दोन, सर्व्हिस तिची, चाळीस-पंधरा. हा गेम घेतला असता तर पाच-दोन आणि पुढे फार काही उरलं नसतं. गावातली निम्मी माणसं आली होती.

पहिली सर्व्हिस नेटमध्ये. दुसरीही नेटमध्ये. काही हरकत नाही, चाळीस-तीस. पुन्हा पहिली बाहेर. दुसरी मारायच्या आधी तिने चेंडू जमिनीवर आपटायला सुरुवात केली. आठवडाभर ती तीनदा आपटायची. मी मोजत होते. सात, आठ, अकरा. मग वर बघितलं, हात वर गेला आणि कोपरातून मध्येच थिजल्यासारखा झाला. चेंडू नेटच्या तळाशी.

क्लाइव्ह पुटपुटला, "अरे देवा. हिला जिंकायचंय."

मला वाटलं, वेडा आहे का हा, जिंकायचं नाही तर काय. पण त्याला बरोबर दिसलं होतं. त्या गेमनंतर ती भांडी घासणारी पोर राहिली नाही. दर चेंडूला तिच्या चेहऱ्यावर हिशोब दिसायला लागला. हातातोंडाशी आलेला घास बघत बसलेल्या माणसासारखी ती खेळली. कार्ल ओरडत होता, "मार! मार गं!" आणि तो ओरडला की ती त्याच्याकडे बघायची. दुसरा सेट पाच-सात. तिसरा एक-सहा. शेवटचा गेम मी पाहिलाच नाही, विणकामाकडे बघत होते.

नेटपाशी त्या बेल्जियमच्या मुलीने तिला मिठी मारली. टीगन सभ्यपणे हसली, पंचाशी हात मिळवला, पिशवी उचलली.

कार्ल गाडीपाशी म्हणाला, "त्या पोरीमागे अख्खी फौज आहे, आणि तू तिला नाचवलीस! अगं, हे हरणं नाहीच. ही सुरुवात आहे. मंगळवारपासून स्कॉटलंडला स्पर्धा आहे. मी नेतो तुला. व्हॅन आहे."

"खरंच नेशील?"

"अगं, मी नाही तर कोण नेणार?"

रविवारी सकाळी ती आमच्या मागच्या पायरीवर बसून अँब्युलन्सच्या लोकांना निरोप लिहीत होती. उद्यापासून येऊ शकत नाही, क्षमस्व, संधीबद्दल आभार. लिहून झाल्यावर फोन माझ्याकडे दिला. "जरा बघता का? माझं स्पेलिंग भयंकर आहे." मी चष्मा लावून वाचलं, एक शब्द दुरुस्त केला आणि परत दिला. तिने पाठवला.

त्याच दुपारी ती आणि कार्ल गेल्यावर तासाभराने आमच्या घरच्या फोनवर एक बाई बोलली. आवाज थकलेला, पण ताठ.

"ग्लेंडा तुम्हीच का? मी लोरेन. टीगनची आई."

"अहो, या ना, म्हणजे बोला ना! किती गुणी मुलगी आहे तुमची. काय खेळली—"

"तुम्ही तिला सांगितलंत सोडू नको म्हणून?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ती म्हणाली. तुमचं नाव घेऊन म्हणाली. ग्लेंडा म्हणते पाप आहे."

"लोरेन, मी तिचा खेळ पाहिला. तुम्ही पाहिला असता तर—"

"तुमच्याकडे ती आठवडाभर राहिली. माझ्याकडे तेवीस वर्षं राहिली. तुम्ही तिला जिंकताना पाहिलंत. बाथरूमची कडी लावून, नळ सोडून ती रडते, ते तुम्ही ऐकलंय? मी दरवेळी दाराबाहेर बसून राहते. यंदा मार्चमध्ये तिने स्वतः, माझ्या तोंडातून एक शब्द न निघता, तो अर्ज भरला. तीन महिने ती माझ्या घरात गाणं म्हणत होती, बाई. गाणं. आणि त्या माणसाबरोबर पाठवलीत तिला."

"मी नाही पाठवली—"

"नाही. तुम्ही फक्त दार उघडून धरलंत." आणि तिने फोन ठेवला.

मी क्लाइव्हला सांगितलं. तो म्हणाला, "राग आहे, जाईल." पण मला म्हणाला नाही की तू बरोबर केलंस. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

स्कॉटलंडला ती पहिल्याच सामन्यात हरली. मला फोनवर निकाल बघायला भाचीने शिकवलं होतं. दर आठवड्याला मी बघायचे. नॉटिंगहॅम, पहिली फेरी, हार. मग हंगेरी, पात्रता फेरी, हार. एका गावी एक जिंकली तेव्हा मी केक केला आणि मलाच हसू आलं. दुसऱ्या दिवशी हार. कार्लने तिला तीन स्पर्धांना नेलं. चौथ्याला त्याच्या पाठीत उसण भरली. पुढे त्याची दुसरी बाई आजारी पडली, मग व्हॅन नादुरुस्त. ऑक्टोबरनंतर त्याचं नाव तिच्या निरोपांत यायचं थांबलं. निरोपही लहान होत गेले. 'इथे थंडी. खांदा दुखतोय. क्लाइव्हला नमस्कार.'

सँडरबीतल्या त्या आठवड्याने तिची क्रमवारी पाचशे चाळीसपर्यंत वर आली होती. त्या आकड्याने तिला झपाटलं. पाचशे चाळीसवर असलेलं माणूस कसं सोडेल? आणखी थोडं, आणखी थोडं. वर्ष उलटलं की जुने गुण धरत नाहीत, तसे त्या आठवड्याचेही गळून पडले आणि ती आठशेच्या पलीकडे गेली, म्हणजे आमच्याकडे आली होती त्याच्याही खाली.

पुढच्या जुलैत ती पुन्हा आमच्याकडे उतरली. उजव्या खांद्याला पट्ट्या. गावातली माणसं ओळखायची, "यंदा फायनल हं!" म्हणायची. शनिवारी पात्रतेचा पहिलाच सामना, सोळा वर्षांच्या स्थानिक मुलीशी, जिला क्लबाने दया म्हणून प्रवेश दिला होता. एक्कावन्न मिनिटांत टीगन हरली. सर्व्हिस करताना हात डोक्याच्या वर जातच नव्हता. ती खालून, लहान मुलं करतात तशी सर्व्हिस करत होती आणि प्रेक्षकांत कुणी हसलंसुद्धा नाही. रडली नाही, रागावली नाही. घरी आली, चादरी काढून घडी करून ठेवल्या, कप धुतला.

"टीगन, बस की जरा," मी म्हटलं.

"गाडी आहे साडेचारची."

"मी तुला काही बोलायला हवं. मागच्या वर्षी—"

"नका," ती म्हणाली. "प्लीज. आत्ता नका."

पुढच्या मार्चमध्ये तिने खेळ सोडला. मला ते निकालांच्या पानावरून कळलं, म्हणजे निकाल यायचे थांबले त्यावरून. ख्रिसमसला कार्ड आलं, त्यात तिने दोन ओळी लिहिल्या होत्या. अँब्युलन्ससाठी पुन्हा अर्ज केला होता. लेखी झालं, मुलाखत झाली, वजन उचलण्याच्या परीक्षेत नापास. माणूस बसलेली खुर्ची जिन्यावरून खाली आणायची असते, दोघांनी मिळून. तिचा खांदा तिसऱ्या पायरीवर सुटला. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया करता येईल, पण त्यानंतरही असं वजन उचलायचं नाही, कधीच नाही.

मी ते कार्ड शेकोटीवरच्या फळीवर इतरांबरोबर ठेवलं. दुसऱ्या दिवशी काढलं.

गेल्या शरद ऋतूत मी शेफील्डला बहिणीकडे गेले होते. तिथून बार्नस्ली आगगाडीने अर्धा तास. बहिणीला म्हटलं, बाजारात जाऊन येते. खरं फक्त क्लाइव्हला माहीत होतं. टीगन गावाबाहेरच्या एका मोठ्या रोपवाटिकेत गल्ल्यावर असते, एवढं मला माहीत होतं. हिरवा एप्रन, केस मागे बांधलेले. डाव्या हाताने ती एका म्हाताऱ्याच्या ट्यूलिपच्या कंदांच्या पिशव्या यंत्रासमोरून सरकवत होती. उजवा हात पोटाशी. मला पाहिलं तेव्हा तिचा चेहरा काही क्षण कोराच राहिला, मग ती म्हणाली, "मला वीस मिनिटांनी सुट्टी आहे. माझी पाळी संपते."

तिथल्याच कॅफेत आम्ही बसलो. तिने छोटा गोड पाव घेतला आणि खाल्ला नाही.

मी तोंडपाठ करून आले होते. म्हटलं, "मी माफी मागायला आलेय. मी तुला तेव्हा जे बोलले, ते बोलायला नको होतं. मला काय कळत होतं टेनिसमधलं? आणि तुझ्यातलं?"

मला वाटलं होतं ती म्हणेल, अहो नाही, तुमचा काय दोष. सगळी माणसं तसंच म्हणतात. मी त्याच आशेवर गेले होते, खरं सांगायचं तर.

ती म्हणाली, "हो. बोलायला नको होतं."

मी मान खाली घातली.

"मी तुम्हाला विचारलं, कारण मला माहीत होतं तुम्ही काय म्हणणार," ती सावकाश म्हणाली. "आईला विचारलं नाही. तेही मला माहीत होतं. त्यामुळे सगळं तुमच्यावर टाकत नाही मी. पण तुम्ही 'जा, गणवेश घाल' म्हणाला असतात, तर मी गेले असते. रडत गेले असते, पण गेले असते. मी थकले होते, ग्लेंडा. कुणीतरी नाही म्हणायला हवं होतं मला."

"त्या आठवड्यात तू इतकी सुंदर—"

"तेच तर," ती एकदम म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरच्या बायकांनी बघितलं. "मी वाईट असते तर काय झालं असतं? काही नाही. ज्यांना जमत नाही ते सोडतात आणि विसरतात. मला सहा दिवस जमलं. सहा सामने. अजूनही इथे बसून मला दिसतं, चेंडू कुठे पडणार ते. बॉक्स सरकवताना दिसतं. तुम्हाला वाटतं ती माझी चांगली आठवण असेल. मी ती द्यायला तयार आहे, कुणी घेणार असेल तर."

मी तिच्या हातावर हात ठेवला. तिने काढला नाही, पण तो हात काही बोललाही नाही. नुसता तिथे होता.

बाहेर अंधारून येत होतं. पार्किंगमध्ये एक जुनी निळी गाडी येऊन थांबली. आतून एक बारीक, करड्या केसांची बाई उतरली, कामाचा झगा कोटाखाली तसाच. आत आली, टीगनचा कोट खुर्चीवरून उचलून तिच्या खांद्यांवर घातला, उजव्या बाजूने जपून, जसा रोज घालत असावी. मग माझ्याकडे पाहिलं. आम्ही एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं, फक्त आवाज ऐकला होता. मी तोंड उघडलं असतं तर तिने ओळखलं असतं.

"कोण गं?" लोरेनने विचारलं.

"गिऱ्हाईक आहेत," टीगन म्हणाली. "त्यांच्या गुलाबाला कीड लागलीय. तेच विचारत होत्या."

लोरेनने मान डोलावली, मला म्हणाली, "साबणाचं पाणी मारा. औषधांवर पैसे घालवू नका," आणि लेकीला घेऊन गेली. टीगनने जाताना माझ्याकडे बघितलं नाही. तिने मला वाचवलं की आईला, की तिला फक्त घरी जायचं होतं, मला कळलं नाही.

गाडीला चाळीस मिनिटं होती. मी फलाटावर उभी राहिले. रात्री क्लाइव्हने फोनवर विचारलं, कशी आहे पोर, आणि मी म्हटलं, बरी आहे, नोकरी आहे, आई जवळ आहे. तो म्हणाला, छान झालं. मी म्हटलं, हो.